फोटोत न दिसणारा हात

अप्पा,

उद्या मला मुंबईत आमच्या ऑफिसच्या चौकशी समितीपुढे बसायचं आहे. तक्रार माझ्यावर आहे. एका कोवळ्या मुलीच्या अंगाला मी तिच्या मनाविरुद्ध, चारचौघांत हात लावला, अशी. हे वाक्य मी गेले कित्येक दिवस मनात म्हणून बघते आहे आणि दर वेळी ते दुसऱ्या कुणाबद्दलचं वाटतं. सक्तीच्या रजेवर आहे, म्हणून भोरला धाकट्या भावाकडे येऊन राहिले आहे. तो बँकेत गेलाय, त्याची बायको शाळेत शिकवायला. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहिते आहे, कारण जिवंत माणसांशी बोलून बोलून मी थकले. प्रत्येक जण एक तर माझी बाजू घेतो, नाही तर गप्प बसतो. मला दोन्ही नको आहे. नोकरी जाईल याची भीती आहेच, पन्नाशी उलटल्यावर या धंद्यात मला दारात कोण उभं करणार. पण त्याहून मोठी भीती अशी, की ती मुलगी म्हणते ते खरं असेल, तर मी आजवर स्वतःला जी समजत आले ती मी नव्हेच.

तुम्ही गेलात तेव्हा मी त्या फॅशन मासिकात नुकती लागले होते. तुम्ही विचारायचात, म्हणजे तू तिथं नेमकं करतेस काय. मी सांगायचे, मॉडेलनं काय घालायचं, कसं नेसायचं, कसं उभं राहायचं ते बघते. तुम्ही हसून म्हणाला होतात, "म्हंजे आपल्या स्टुडिओत करायचीस तेच की. तितं पगार देत्यात एवढंच." खरंच तेच होतं. एसटी स्टँडच्या मागची आपली एका खोलीची जागा, भिंतीवर बागेचा आणि कारंज्याचा रंगवलेला पडदा, समोर एक स्टूल. वेल्ह्याकडच्या मुली स्थळासाठी फोटो काढायला यायच्या, बरोबर आई नाहीतर थोरला भाऊ. इतर फोटोग्राफर मुलीची हनुवटी धरून मान वळवायचे. तुम्ही ते कधी केलं नाहीत. म्हणूनच तर त्या सगळ्या खोऱ्यात तुमचं नाव होतं. तिथं पोरीला एकटी बसवली तरी घोर नाही, असं बायका म्हणायच्या. तुम्ही कॅमेऱ्यामागून सांगायचात आणि मी, जेमतेम आठ-नऊ वर्षांची, पुढे व्हायचे. पदर सारखा करायचा, कपाळावरची बट मागे घ्यायची, जास्तीची पावडर पुसायची, हनुवटी वर करायची. आणि तुम्ही बटण दाबायच्या आत हात काढून घ्यायचा. एकदा मला उशीर झाला. धुऊन आलेल्या फोटोत त्या मुलीच्या हनुवटीखाली माझी दोन बोटं दिसत होती. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण त्या दिवशी जे बोललात ते मारल्याहून जास्त लागलं. "हात दिसला की फोटो बाद," तुम्ही म्हणालात. "काम करायचं, पन हात दिसता कामा न्हाई." मी रडले, आणि शिकले. पुढे मुंबईत लोक म्हणायचे, हिचा हात कधी लागला ते कळतसुद्धा नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता.

मुंबईत मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते फोटोग्राफर फार मोठे होते, आणि कसे होते ते सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या मुलींना एकटीला बोलवायचे, दार लावून घ्यायचे. बाहेर आलेल्या मुलींचे डोळे आम्हाला दिसायचे, आणि आम्ही त्यांचा मेकअप नीट करून द्यायचो. संपादकबाई म्हणायच्या, कलावंत माणूस आहे, सांभाळून घ्यावं लागतं. मलाही त्यांनी सोडलं नव्हतं. ते तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही आणि आताही त्याच्या तपशिलात जात नाही. नंतर दिवस पालटले. मुली बोलायला लागल्या, जाहिराती देणारे घाबरले, आणि मासिकाला नियम करावे लागले. ते नियम मी भांडून करून घेतले, अप्पा. बंद खोलीत एकट्या मुलीचं शूट नाही. कपडे बदलायला आडोसा पाहिजेच. आणि मॉडेलच्या अंगाला हात लावण्याआधी विचारायचं, मग तो हात कुणाचाही असो. यातला 'कुणाचाही' हा शब्द मी घालायला लावला होता. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते फोटोग्राफर होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ते स्वतः मात्र नियम येईपर्यंत शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले होते.

या हिवाळ्यात आम्ही राजगडच्या पायथ्याला, पालीत शूट ठेवलं. कल्पना माझीच. नेहमीचे गुळगुळीत चेहरे नकोत, आमच्या भागातली मुलगी घेऊ, असं मी बैठकीत ठासून सांगितलं. सारोळ्याची एक कॉलेजातली मुलगी मी शोधून काढली, उंच, सावळी, कॅमेऱ्याकडे सरळ बघणारी. तिच्या आईचा हायवेच्या कडेला चहा-वड्याचा गाडा आहे. आई काही केल्या कबूल होईना, तेव्हा मी स्वतः जाऊन बाकड्यावर बसले आणि तुमच्या स्टुडिओचं नाव सांगितलं. ते ऐकल्यावर ती विरघळली. लहानपणी बहिणीच्या फोटोला ती आपल्याकडे आली होती म्हणे. शूटच्या दिवशी सकाळी नियम मीच वाचून दाखवले, मुलीला मराठीत नीट समजावून. ती हसली, मान हलवली. दिवसभर सगळं छान चाललं होतं. शेवटचा फोटो राहिला तेव्हा सूर्य डोंगराआड जायला टेकला होता. तिच्या निऱ्या घसरल्या होत्या, कपडे बदलायची गाडी खाली रस्त्यावर राहिली होती, आणि फोटोग्राफर सारखा ओरडत होता की उजेड चालला. लाइटवाले, टेम्पोवाले, गड उतरून आलेले ट्रेकर, सगळे थांबून बघत होते. मी पुढे झाले आणि तिच्या निऱ्या माझ्या हातानं कमरेत खोचल्या. विचारलं नाही. चादर धरा, असं कुणाला म्हटलं नाही. ती आक्रसली, तशी मी म्हणाले, "लाजतेस काय, मी बाईच आहे ना." पोट आत घे म्हणाले, कमरेला धरून तिला वळवलं, हनुवटी वर केली आणि बाजूला झाले. फोटो अप्रतिम आला. तो मुखपृष्ठावर जायचा होता.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "पोरगी आल्यापास्नं जेवली न्हाई," ती म्हणाली. "बाप्ये हसत हुते म्हनं. ताई, भाईरची बाई असती तर म्या धाडलीच नसती. तुमी हितल्या, म्हनून धाडली." मी काहीबाही बोलले, उजेड जात होता वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात मुलीनं स्वतः तक्रार केली, कुठे करायची ते मीच तिला सकाळी सांगितलेलं होतं. मुखपृष्ठ थांबलं, मला घरी बसवलं. मी धाकट्याला म्हणाले, चोर सोडून संन्याशाला फाशी. त्याला ते पटलं. मलाही दोन-चार दिवस पटलं.

मग त्यांचा फोन आला, त्या मोठ्या फोटोग्राफरांचा. इतक्या वर्षांनी. आवाज तसाच मऊ. म्हणाले, ऐकलं, फार वाईट वाटलं, तू घाबरू नकोस. या पोरींना हल्ली कशाचंही भांडवल करता येतं. तिचा शब्द आणि तुझा शब्द, यात तुझंच वजन जास्त. इथवर मी ऐकत होते, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. मग ते म्हणाले, "आता कळलं ना तुला, आपल्यासारख्यांवर काय वेळ आणतात ते?" मी फोन बंद केला आणि मोरीत जाऊन ओकले. तेव्हापासून भावजय मऊ भात करून देते, मी तो चिवडत बसते. मी त्यांच्यासारखी नाही, हे कुणीतरी मला ठामपणे सांगावं म्हणून माझा जीव तळमळतो आहे. भाऊ सांगतो, मैत्रिणी सांगतात, पण त्यांच्या सांगण्यानं काही होत नाही. सांगायचा हक्क त्या एका मुलीचा आहे, आणि ती ते सांगणार नाही.

मला तुमचाही राग येतो आहे, अप्पा. तुम्ही कुठल्या मुलीला हात लावला नाहीत, कारण तुमच्याजवळ माझा हात होता. त्या मुलींना तुम्ही कधी विचारलंत का? एक मुलगी मला आठवते, वेल्ह्याच्याही पलीकडच्या कुठल्या वाडीची. भाऊ दारात उभा. ती मान वर करेचना. कर वर, तुम्ही मला म्हणालात. मी केली, तिनं पुन्हा खाली घातली. पुन्हा केली, पुन्हा घातली. शेवटी मी तिची हनुवटी दाबून धरूनच ठेवली आणि अगदी ऐन वेळी सोडली. फोटोत तिच्या डोळ्यांत चमक आली होती, ती पाण्याची होती. लग्न जमलं, पेढे आले. तुम्ही पहिला पेढा माझ्या हातावर ठेवलात आणि आलेल्या माणसांना म्हणालात, "हिच्या हाताचा गुन." आजवर तो मी माझा सगळ्यात सुखाचा दिवस धरत आले. आता विचारावंसं वाटतं, तिला ते लग्न करायचं नव्हतं हे तुमच्या लक्षात आलं होतं का? तुम्ही चांगले होतात, हे मला माहीत आहे. तुमच्याइतकं जपून वागणारा त्या काळात भोरात दुसरा नव्हता. पण तेवढं पुरेसं नव्हतं, आणि तुमच्याकडून मी जे उचललं ते तर मुळीच पुरलं नाही. हे लिहितानाही वाटतं, की गेलेल्या बापावर ढकलून मी मोकळी होऊ बघते आहे. त्या मुलीपुढे आता आठ वर्षांची होऊन चालायचं नाही.

आज सकाळी गाडी काढून सारोळ्याला गेले. मुलीला किंवा तिच्या घरच्यांना भेटायचं नाही, असं मला बजावलेलं आहे, तरी गेले. गाडा उघडा होता. आई वडे तळत होती, मुलगी कुठे दिसली नाही. मी समोरच्या बाजूला काचा वर करून बसून राहिले. उतरून त्या बाईचे पाय धरावेत असं वाटलं, आणि मग लक्षात आलं की तेही तिला न विचारताच झालं असतं. नीरेच्या पुलाशी वळसा घेऊन परत फिरले. वाटेत गाडी कडेला घेऊन मोठ्यांदा रडले, लहान पोरासारखी. एक टेम्पोवाला थांबला, काच वाजवून विचारलं, काही मदत पाहिजे का. मी नको म्हणून मान हलवली. तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला आणि मग निघून गेला.

उद्यासाठी माझ्या एका वकील मैत्रिणीनं मला तयार केलं आहे. ते विचारतील, मुलीनं थांबवायचा प्रयत्न केला होता का. मी म्हणायचं, तसं काही माझ्या लक्षात आलं नाही, घाई होती. तेवढ्यावर फार तर ताकीद मिळेल, नोकरी राहील. मुलगी म्हणते, मी अडवलं होतं. पण तिला साक्षीदार नाही. फोटोग्राफर सूर्याकडे बघत होता, बाकी सगळे माझ्या पाठीमागे होते, त्यांना फक्त माझी पाठ दिसली. मैत्रीण म्हणते, यात तू खोटं असं काहीच बोलत नाहीस. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून इथे लिहिते. तिनं दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं होतं, अप्पा. मी तिचं एकेक बोट सोडवलं आणि मग निऱ्या खोचल्या. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. उद्या तिथं तोंड उघडलं की हेच बाहेर पडावं असं मला वाटतं, आणि पडू नये असंही तेवढंच वाटतं.