एकीपुरती पेटी

५ जानेवारी १९४७
दहिवलीच्या सुताराने ऊबपेटी आणून दिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी. नकाशा माझा. लीला नर्सने आत दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या लावून पाहिल्या. म्हणाली, "डॉक्टरबाई, बाटली बदलायला दर वेळी झाकण उघडायचं? बाळ गारठेल की." खरंच. रोज हात घालणार ती, तिलाच विचारलं नव्हतं. आता बाजूने सरकतं दार. बाकीची रीतही दोघींनी बसून ठरवायची.

१४ जाने.
पेटी परत आली. दार झकास. ऊब टिकते. ड्रॉपरने दूध: दोन थेंब, थांबायचं, श्वास पाहायचा, मग पुढचे. हे लीलाचं. तिळगूळ खाल्ला. दोघी खूश.

१९ जाने.
खालापूरकडची सखू, सातवा महिना, बैलगाडीतून आली. आल्या आल्या बाळंत. जुळ्या मुली. दोघींना पेटीत ठेवून पाहिलं. बाटल्या अंगाला लागतात, भाजेल. नवरा धोंडू म्हणाला, "कोनची आत ठेवायची त्ये तुमीच ठरवा. आमाला काय कळतंय?" धाकटी अगदीच चिमणी, ती आत. थोरली कापसात गुंडाळून सखूच्या छातीशी.

२२ जाने.
थोरली सकाळी गेली. बळकट वाटली होती.
सखू रडली नाही. "माज्या कुशीत व्हती, बाई. माजीच ऊब कमी पडली."
"नाही गं, तसं नसतं." तिने तोंड फिरवलं.
पेटी वीतभर रुंद केली असती तर. लाकूड होतं. जुळ्यांचं आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचू नये...

८ फेब्रुवारी
धाकटी जोर धरतेय. चोखते. सखू दूध काढून देते, पण पेटीजवळ फिरकत नाही. धोंडू न्यायला आलाय. लीला म्हणाली, "पेटीत कसं घालायचं ते सगळं ठरवलं आपण. बाहेर कसं काढायचं?" तेही दोघींनी बसून ठरवायचं.

१० फेब्रु.
ठरलं: दुपारच्या उन्हात थोडा वेळ आईजवळ, मग हळूहळू वाढवायचं. आज पहिल्यांदा. सखूला ओसरीवर बसवलं. लीलाने पोर पुढे केली. सखूचे हात पदराखालीच.
"नको. माज्यापाशी गार पडंल."
"घे की गं," धोंडू म्हणाला, "आपलीच हाय."
नाहीच. शेवटी मी धरली, सखूच्या शेजारी बसून. ती बघत नव्हती. उठून मात्र गेली नाही.