औटकीचं पॅकेज

११ जानेवारी १९९८, जळगाव

पाढा बोलला! अभयकुमारच्या कॉम्प्युटर क्लासात कोपऱ्यातल्या यंत्रावर autki असं टंकलं, एंटर दाबलं – आणि साडेतीनचा अख्खा पाढा पडद्यावर ओळीने उभा! औट दुणे सात. औट त्रिक साडेदहा. अक्षरं इंग्रजी, देवनागरी या यंत्राला येत नाही. ठेका मात्र तोच. क्लासातली पोरं वळून बघायला लागली. मी मोठ्याने म्हणत होतो म्हणे.

अभयकुमार म्हणाला, "गुरुजी, सत्तरीत प्रोग्रॅमर झालात." एकोणसत्तर, म्हटलं. अजून वेळ आहे.

धुळ्याला शाळासोबती अभिमनला लगेच फोन. हे खूळ त्याचंच. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यापासून तो त्या परदेशी गणिताच्या सॉफ्टवेअरमागे लागलाय. ते फुकट मिळतं. त्याचं पोट उघडून कोणीही आत बघावं, आणि आपला एखादा प्रोग्रॅम पॅकेज म्हणून त्याला जोडावा. जगभरचे लोक जोडतात. त्यातली निवडक पॅकेजं वर्षातून एकदा सीडीवर निघतात. आम्ही ठरवून टाकलंय – यंदा सीडीवर आमची पारोळ्याची शाळा जाणार!

२३ जानेवारी

प्रोग्रॅम लिहिणं सोपं, बांधणं अवघड. सोबत माहितीपुस्तिका हवी, तपासायला सोडवलेली उदाहरणं हवीत, आणि 'कोणीही घ्या, बदला, वाटा' असं परवानगीचं पत्र हवं. हे सगळं दाबून एका फ्लॉपीत. फ्लॉपी जळगाव–धुळे एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची, अभिमन स्टँडवर उभा. तो चुका काढून परतीच्या गाडीने पाठवतो.

पुस्तिकेच्या प्रत्येक प्रकरणावर मी माझं दोन ओळींचं पद्य घातलंय. अभिमन हसला. हसू दे. लहानपणी पारोळ्यात दिवेलागणीला किल्ल्याच्या खंदकावरून वटवाघळं निघायची, आणि आम्ही दोघं शाळेच्या ओट्यावर मांडीला मांडी लावून पावकी, निमकी, पाऊणकी म्हणत असायचो. शेवटी औटकी. मास्तर कविता आणि पाढे एकाच चालीत शिकवायचे. शाळेच्या पुस्तकातली सगळ्यात देखणी कविता औटकीच होती. खाली कवीचं नाव नाही, म्हणून कोणी तिला कविता म्हणत नाही, इतकंच.

४ फेब्रुवारी

गेलं! फोनची लाइन तीनदा तुटली, पण सीडीवाल्यांना पॅकेजचं ईमेल गेलं.

१९ फेब्रुवारी

जर्मनीहून तपासनीस बाईंचं उत्तर. काम नीटनेटकं आहे म्हणतात. पद्य गोड आहे, ते काढा. आणि हे सातच अपूर्णांक का? कोणताही अपूर्णांक चालला पाहिजे.

सातच का! पाव, निम, पाऊण, सवा, दीड, अडीच, औट. सप्तसूर सातच का, असं विचारतं का कोणी?

अभयकुमारचे वडील भिकमचंदशेठ दुपारी पेढीवरून डुलकी काढायला क्लासात येतात, इथे पंखा आहे म्हणून. पडद्यात डोकावले. "गुरुजी, ढोंचा कुठे गेला? न् पोंचा?" साडेचारचा ढोंचा, साडेपाचचा पोंचा – त्यांच्याकडे पोरांना तोंडपाठ! "ढोंचा न् पोंचा नाही, तर हिशोब काय करता हो तुम्ही लोक?" डोळे मिटून म्हणूनच दाखवला. काय चाल! मला या वयापर्यंत पत्ता नव्हता. दोन्ही आजच घातले. झाले नऊ. पद्यंही दोन वाढली.

२ मार्च

अभिमनशी भांडलो. लिहून ठेवतो, म्हणजे डोकं शांत होईल.

म्हटलं, "बघ, यादी वाढते. जिवंत आहे ती."

"वाढते म्हणूनच सांगतोय, नाना! किती घालत बसशील? एकच सर्वसाधारण प्रोग्रॅम कर. कोणताही अपूर्णांक द्या, पाढा घ्या. ही नावं टाकून दे."

"मग औटकी कुठे राहिली?"

"औटकी म्हणजे सात छेद दोन. बस."

"आणि तुझं यंत्र म्हणणार काय? औट त्रिक एकवीस छेद दोन? असं कोणाच्या आईने म्हटलंय का रे!"

तो चिडला की अहिराणीवर येतो. "तुनी औटकी म्हंजे काय देव शे का? बठ्ठं आयुष्य त्याच ओट्यावर बशी राह्यना तू!"

मी म्हटलं, तू ओट्यावरून कधीच उठलास, म्हणून तुझं गणित मुकं झालं. फोन आपटला.

११ मार्च

अभयकुमारकडून कळलं. धुळ्याहून वेगळं पॅकेज गेलंय. नाव – apurnank. मला एक शब्द नाही. जाऊ दे. कोणीही घ्या, बदला, वाटा – मीच लिहिलं होतं की!

१८ एप्रिल

बाईंचा निर्णय आला. अभिमनचं घेतलं. माझं स्वतंत्र पॅकेज म्हणून घेता येत नाही – त्यातलं सगळं गणित त्यांच्या पॅकेजात झाकलं जातं.

एवढं वाचलं आणि उठलो. खाली अजून काही ओळी होत्या. नको.

झाकलं जातं म्हणे! गोधडीनेही सगळं झाकलं जातं. आत कोण झोपलंय, ते कळतं का?

२९ एप्रिल, आखाजी

दर आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, अभिमन येतो. खापरावरची पुरणपोळी तोडता तोडता शाळेतल्या कविता म्हणायच्या, मी पहिली ओळ, तो दुसरी. आज दोन वाजेपर्यंत ताट मांडून ठेवलं. तिसऱ्या एसटीनंतर हिने झाकून ठेवलं. "दोन म्हातारे! साडेतीनावरून अबोला! नातवंडांना सांगायची तरी सोय आहे का?"

साडेतीनावरून नाही, म्हटलं. पण मग कशावरून, ते मलाही धड सांगता आलं नाही.

दुसरी ओळ म्हणायला कोणी नव्हतं. पोळी छान झाली होती.

१४ मे

हरलो असं मात्र वाटत नाही. औटकी चांगली आहे हे मला ठाऊक आहे, त्याला सीडीचा शिक्का नको. आज सवायकीतली एक चूक काढली, नवी आवृत्ती बांधली. फ्लॉपीवर नाव घातलं, तारीख घातली. सवयीने पाकिटावर धुळ्याचा पत्ताही घातला. स्टँडपर्यंत जाऊन परत आलो.

६ जून

अभयकुमारचा निरोप – सीडी आली, या. गेलो नाही. ऊन फार.

७ जून

गेलो. अभयकुमारने अभिमनचं पॅकेज सुरू केलं. पडद्यावर पहिलीच ओळ – आधी autki सुरू करत आहे. आणि सीडीवरूनच माझं पॅकेज उघडलं. सगळंच्या सगळं!

"त्यांचं यंत्र फक्त गुणाकार करतं, गुरुजी. उत्तर बोलायचं काम तुमच्या औटकीला सांगितलंय. तुमच्याशिवाय ते सुरूच होत नाही. मग दोन्ही घ्यावीच लागतात, तसा नियमच आहे सीडीवाल्यांचा. बाईंच्या ईमेलात खाली तेच होतं."

अभिमनच्या, औटकीला बोलावणाऱ्या फायलीवरची तारीख बघितली. ३ मार्च. फोन आपटला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.