करुणा, मुक्काम ईस्ट लिंडसे

वेरूळ, लेण्यांचा वाहनतळ
१८ जानेवारी २०२६

प्रिय करुणा,

सप्रेम जयभीम.

आम्ही तिघंही बरे आहोत. तुझ्या आबांचा खोकला गेला. यशूचे पडलेले पुढचे दात आले, हसली की आता थेट तुझ्यासारखी दिसते. शाळा चालू आहे. तिच्या वर्गाच्या सत्यभामा मॅडमनी मध्यंतरी मला बोलावलं होतं, त्याचं पुढं लिहितो. हर्सूलला यंदा थंडी बरी पडली. तुझ्याकडच्या थंडीपुढं ती काय म्हणा.

तू म्हणशील, ह्यांना पत्र कुठून सुचलं. तुझा फोन दिवाळीपासून बंद लागतो. आधी वाटलं नेट नसेल. मग वाटलं मोबाईल पडला असेल. मग वाटणं बंद केलं. आज हे पत्र नेणारं माणूस मिळालं म्हणून लिहितोय. बाई आणि साहेब लेणी बघायला आत गेलेत, मी गाडीत बसलोय.

काल सकाळी हॉटेलवाल्यानं सांगितलं, इंग्लंडचं म्हातारं जोडपं आहे, दोन दिवस फिरवायचं. नवऱ्याचं नाव कीथ, बायकोचं मार्गारेट. दौलताबादचा घाट चढताना मी नेहमीसारखं विचारलं, इंग्लंडात कुठलं. साहेब हसले. म्हणाले, सांगून तुला कळायचं नाही, लंडनचे लोकसुद्धा विचारतात ते कुठं आलं. मग म्हणाले, लिंकनशर, त्यातला ईस्ट लिंडसे जिल्हा.

करुणा, मी गाडी कडेला घेतली. मागचा ट्रकवाला शिव्या देत गेला. त्यांना वाटलं टायर बसलं.

मी त्यांना तुझा फोटो दाखवला. निळ्या ड्रेसमधला, खिशावर कंपनीचं नाव असलेला. बाईंनी चष्मा लावून ते नाव वाचलं आणि साहेबांकडं बघितलं.  साहेब हळू म्हणाले, म्हाताऱ्यांना सांभाळायला माणसं पुरवणारी ही कंपनी मागच्या उन्हाळ्यातच बंद झाली, आमच्या पेपरात आलं होतं. मी म्हणालो, नाही साहेब, माझी बायको तिथंच कामाला आहे, दिवाळीत पण तिला डबल ड्यूटी होती. 

मी गाडी सुरू केली. खुलताबादला थांबलो, त्यांना चहा पाजला, दर्गा दाखवला, जे रोज सांगतो ते सगळं सांगितलं. तोंड आपोआप चालत होतं.

परत येताना मी त्यांच्या जिल्ह्याबद्दल विचारत बसलो. जिल्हा म्हटलं की आपल्याला कलेक्टर आणि झेडपी आठवते. त्यांच्या अख्ख्या जिल्ह्यात माणसं आपल्या सिडको-हडकोत मावतील एवढीच. साहेब त्या जिल्ह्याच्या कचेरीतच होते, कचऱ्याच्या गाड्यांचे रस्ते लावून द्यायचे. त्यामुळे कुठल्या गल्लीत कोण एकटं राहतं ते त्यांना ठाऊक. सांगत होते, जमीन ताटासारखी सपाट, एका गावातून पुढच्या गावाच्या चर्चचं टोक दिसतं. शहरातली माणसं रिटायर झाली की समुद्राजवळ छोटं घर घेऊन राहायला येतात. मुलं लांब. मग नवरा-बायकोतलं एक जातं आणि दुसरं खिडकीशी बसून राहतं. त्यांना उठवायला, धुवायला, भरवायला तिथं हात नाहीत. म्हणून तुझे हात नेले, आणि नेताना सांगितलं की लेकरू नि नवरा आणायचा नाही. हे शेवटचं साहेब म्हणाले नाहीत. ते मी म्हणतोय.

बाईंना तुझा जुना पत्ता दिलाय. त्यांच्या गावापासून तासाभराच्या आत आहे म्हणे. त्या म्हणाल्या, मी शोधते. न विचारता म्हणाल्या.

हे बघ, मी तुला काही विचारत नाही. कंपनी कधी बंद झाली, तू का सांगितलं नाहीस, एवढे महिने कशी जगलीस, काही नाही. तुला लाज वाटत असेल तर कशाची, ते मला माहीत आहे. आबांनी चौकात फ्लेक्स लावलं होतं, वस्तीतली परदेशी गेलेली पहिली मुलगी म्हणून. विहारात सत्कार झाला. आबा बोलायला उभे राहिले आणि नुसते रडले. ते सगळं तुझ्या डोक्यावर दगडासारखं असणार. फ्लेक्स केव्हाच फाटून गेलं, करुणा. आबा हल्ली चौकातून जात नाहीत, मागच्या गल्लीनं दुकानाला जातात, पण तोंडातून तुझ्याबद्दल वावगा शब्द नाही. परवा मला एवढंच म्हणाले, "मीच तिला लई जोर केला, जावईबापू."

तुझा फोन बंद झाल्यावर व्हिजासाठी मी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा परत आला. त्यांना वाटतं मी तिथं राहून जाईन. मला तर फक्त तुला घेऊन यायचं होतं.

बाई-साहेब येताना दिसतायत. मॅडमचं लिहायचं राहिलं. राहू दे.

तू नुसती ये. रिकाम्या हातानं ये.

तुझी वाट बघणारा,
बुद्धभूषण


हर्सूल
२६ फेब्रुवारी २०२६

करुणा,

जयभीम.

इकडं सगळं ठीक असं लिहायला घेतलं आणि खोडलं.

परवा दुपारी मार्गारेटबाईंचा फोन आला. मी स्टेशनवर सवारीची वाट बघत होतो. त्या आधी बराच वेळ हवापाण्याचं बोलल्या, तेव्हाच समजलो. म्हणाल्या, "भूषण, तिनं मला सांगितलंय की घर बंद होतं असं तुला सांगायचं. मला खोटं बोलता येत नाही." आणि तिकडं त्या रडायला लागल्या. मी सवाऱ्यांच्या गर्दीत उभा राहून इंग्रजीत एका म्हातारीची समजूत घालत होतो.

मग त्यांनी सगळं सांगितलं. जुन्या पत्त्यावर तू नव्हतीस. तुझ्यासोबत राहणाऱ्या केरळच्या मुलीनं समुद्राकाठच्या एका घराचा पत्ता दिला. कंपनी बंद झाली तेव्हा ज्या म्हाताऱ्याकडं तू कामाला जायचीस, त्याच्या लेकीनं तुला तिथंच ठेवून घेतलं. राहायला खोली, जेवायला जेवण, आणि रात्रंदिवस त्याचं करायचं. पगार नाही. पासपोर्ट जपून ठेवते म्हणून तिनं घेतला, तो आजतागायत दिला नाही. व्हिजा कधीच संपला. ती केरळची मुलगी म्हणाली, करुणादीदी बाहेर पडायलाच घाबरते.

बाईंनी बेल वाजवली तर तू साखळी लावूनच दार उघडलंस. अंगात कुणा पुरुषाचा स्वेटर होता म्हणे, आणि हाताला भेगा. आतून म्हातारा ओरडत होता, कोण आलंय, कोण आलंय. तू माझं पत्र घेतलंस, पाकिटावरचं अक्षर बघितलंस आणि म्हणालीस, सांगा घर बंद होतं. बाई म्हणाल्या, इथून चल, आम्ही नेतो. तू म्हणालीस, मी गेले तर ह्याला कुशीवर कोण वळवेल.

हे ऐकून मला राग आला, खोटं कशाला सांगू. परक्या माणसाची कूस बदलायला तू आहेस आणि तुझी लेक इथं. मग दुसऱ्या दिवशी आबांना उठवून बसवताना माझ्या लक्षात आलं, तू त्याला टाकून येणारी बाई असतीस तर मी तुझ्यामागं असा वेडा झालो नसतो. आबांची कंबर धरलीय, तुला काळजी लागावी म्हणून लिहीत नाही. होईल बरी.

आता मॅडमचं लिहितो. लिहायला नको वाटतं, पण तुला ते माहीत पाहिजे.

डिसेंबरात सत्यभामा मॅडमनी मला शाळेत बोलावलं. मला वाटलं अभ्यासाचं असेल. मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "तुमच्या मिसेसचं कळलं. आम्हाला आधी कळवायचं ना, आम्ही सगळे घरी आलो असतो."

मला काहीच कळेना. मग त्यांनी सांगितलं. वर्गात आईवर चार ओळी लिहायच्या होत्या. यशूनं लिहिलं नाही. का विचारलं तर उभी राहून म्हणाली, माझी आई वारली. सगळा वर्ग दोन मिनिटं उभा राहिला म्हणे तुझ्यासाठी.

मी मॅडमना काय बोललो ते आठवत नाही. घरी येताना यशूला गाडीत पुढं बसवलं. तलावाजवळ थांबलो. विचारलं, असं का सांगितलंस बाळा. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग काय सांगू? ते विचारतेत आई फोन का नाय करत. वारली म्हटलं की कुणी विचारत नाय."

मी तिला रागावलो नाही. मलाही तेव्हा तुझं काहीच माहीत नव्हतं. खरं सांगतो, मीसुद्धा त्या दिवशी तिला छातीवर हात ठेवून सांगू शकलो नसतो की तू आहेस.

परवा बाईंचा फोन झाल्यावर मी सरळ शाळेत गेलो आणि तिला मधल्या सुट्टीत बाहेर बोलावलं. सांगितलं, आई आहे, सापडली. तिनं विचारलं, कुणी बघितली? मी म्हणालो, एका आजीनं बघितली. मग विचारलं, माझं नाव घेतलं का? मी हो म्हणालो. तेवढं खोटं मी बोललोय, करुणा, ते आता तुलाच खरं करावं लागेल.

पुढचं नीट वाच. कीथसाहेबांनी चौकशी केली आहे. अशा अडकलेल्या बायकांना मदत करणारी माणसं तिथं आहेत, त्यांच्याकडं तुझ्यासारख्या आधीही आल्यात. दुसऱ्याचा पासपोर्ट दाबून ठेवणं हा तिथं गुन्हा आहे, तुझा नाही, म्हाताऱ्याच्या लेकीचा. पासपोर्ट नाही मिळाला तरी आपल्या वकिलातीकडून परत यायचा कागद मिळतो. तू पोलिसांना भितेस. आपण हर्सूल जेलच्या भिंतीजवळ वाढलेली माणसं, ती भिंत तुझ्या डोक्यात उभी असणार. पण परत येणाऱ्याला कुणी कोंडत नाही असं साहेब म्हणतात, आणि तो माणूस उगाच धीर द्यायला बोलणारा नाही.

आणि त्या म्हाताऱ्याचं. साहेब म्हणाले, हे काम त्यांच्या जिल्ह्याच्या कचेरीचं नाही, वरच्या काउंटीचं, म्हणजे अख्ख्या लिंकनशरच्या कचेरीचं आहे, म्हणून तिकडं जाऊन ते स्वतः सांगून आले. त्याच्याकडं सोमवारी सरकारी माणूस येणार आहे. तोवर रविवारची रात्र मार्गारेटबाई स्वतः त्याच्याजवळ थांबतील. त्यांनी त्यांच्या सासूचं नऊ वर्षं केलंय. त्याला कुशीवर वळवतील. तो एकटा राहणार नाही. त्याच्या म्हातारपणाचा भार तुझ्या एकटीच्या खांद्यावर कुणी ठेवला? जिनं ठेवला तिनं तुझा पगारही ठेवून घेतला.

हे पत्र मी फोटो काढून बाईंना पाठवतोय. त्या कागदावर छापून तुझ्या दारातल्या फटीतून आत टाकतील. रविवारी दुपारी ते दोघं गाडी घेऊन बाहेर उभे राहतील. बेल वाजवणार नाहीत. थांबतील. तू बाहेर आली नाहीस तर पुढच्या रविवारी परत येतील, असं बाई म्हणाल्या. पण मला त्यांचं वय दिसतं, आणि माझा दमही दिसतो.

काल यशू शाळेतून आली ती दप्तर फेकून कोपऱ्यात बसली. तिनं वर्गात सांगितलं होतं की आई जिवंत आहे. पोरं हसली. एक पोरगी म्हणाली, मेलेली माणसं परत येत नसतात, तू तेव्हा खोटं बोललीस नाहीतर आता बोलतेस. आज ती शाळेत गेली नाही. मीही पाठवली नाही.

आत्ता ती माझ्या शेजारी बसली आहे. मी विचारलं, आईला काय लिहू. ती पेनाचं टोपण काढत घालत बसली. मग म्हणाली,

"लिहा की मी सगळ्यांना सांगितलंय तू आहेस म्हणून. मला खोटं पाडू नको म्हणावं."

तिनं सांगितलं तसं लिहिलं आहे. माझ्याकडं याहून वेगळं लिहायला काही उरलं नाही.

रविवारी दुपारी दाराबाहेर ये.

तुझा आणि यशूचा,
बुद्धभूषण