ड्रायव्हरच्या सीटचं माप

१२ जाने., सोम.
दुपारी ह्यांच्या मोबाईलवर फोन आला. तो मोबाईल मी अजून चार्ज करून ठेवते. कशासाठी, माहीत नाही.
चंद्रपूरहून, गाडीच्या कारखान्यातून होता. "दिलीपभाऊचं घर का जी? भाऊले सांगा, गाडीचं काम लागलं. पाह्याले या म्हणा."
मी म्हटलं, सांगते.
ह्यांना जाऊन महिना उलटला. पहाटे मामाजींबरोबर, म्हणजे ह्यांच्या वडिलांबरोबर, तलावात जाळं ओढलं, पाळीवर, बांधावर येऊन बसले, ते उठलेच नाहीत. कारखान्याला कळवायचं राहून गेलं. गाडी बुक केली होती हेच मी विसरले होते. बॅटरीवरची तीनचाकी, मागे मासळीचा बंद डबा. दिवाळीनंतर हे एकदा कारखान्यात जाऊन आले होते, आल्यावर दोन दिवस दुसरं बोलणं नव्हतं.
उद्या फोन करून खरं सांगायचं.

१३ जाने., मंगळ.
केला नाही. पतसंस्थेत ऑडिटची गडबड होती.

१५ जाने., गुरु.
संक्रांत झाली. हळदीकुंकवाला आळीतून कोणी बोलावलं नाही. बरं झालं, जायचं नव्हतंच. तिळाचे लाडू मात्र शेजारून आले, वाटीवर वाटी झाकून, दारातूनच.
नागपूरहून भाऊजींचा फोन. "वहिनी, ते गाडीचं रद्द करून टाका. चालवणार कोण? बाबा चालवतील का तुम्ही?" हसले. मग हसू नको होतं असं त्यांनाच वाटलं असेल, तब्येतीचं विचारलं.
बरोबरच आहे त्यांचं. मी तिथे काय...

१८ जाने., रवि.
चंद्रपूरला जाऊन आले. समोर जाऊन सांगावं, अॅडव्हान्स परत मागावा, एवढंच मनात होतं.
कारखाना म्हणजे शहराबाहेर टिनाचं मोठं शेड. आत ओळीनं सांगाडे उभे. कुठे नुसत्या पट्ट्या, कुठे चाकं लागलेली. वेल्डिंगचा वास बसमध्येही साडीला येत राहिला. मुख्य मिस्त्री रज्जाकभाई, वय साठीचं असेल. मी नाव सांगितलं तर म्हणाले, "अस्सं, दिलीपभाऊच्या बाई. भाऊ कुठी राह्यले?"
"काम आहे."
तोंडातून तेवढंच निघालं.
"बसा. इथी सगळेच मालक येऊन बसते. नाई बसलं तं मिस्त्री पत्रा पातळ लावते म्हणते." वेल्डर चष्मा वर करून म्हणाला, "आन बसलं तं चहा आपल्याच खर्चानं पाजा लागते." एवढ्या वर्षांत बाई मालक पहिल्यांदा पाहिली म्हणाला. खुर्ची पुसून दिली.
आमची गाडी तिसऱ्या रांगेत. नुसता सांगाडा आणि खाली लोखंडी पाटा. मिस्त्रींनी पाट्यावरची धूळ हातानं झटकली. चार बारीक ठिपके, लोखंडात ठोकलेले. "हे भाऊचं माप. बुकिंगच्या दिवशी स्टुलावर बसवलो होतो. ब्रेकवर पाय, हात हँडलवर. पाय केवढे लांब भाऊचे. बाकीच्यांच्या सीटपेक्षा वीतभर मागं गेली."
यांच्याकडे रीत आहे. सीट खालच्या पाट्याला बोल्टनं कायम बसते, पुढेमागे होत नाही. म्हणून आधी ठिपके ठोकून ठेवतात आणि भोकं पाडायच्या दिवशी चालवणाऱ्याला पुन्हा बसवून बघतात. तो बसल्याशिवाय ड्रिल लावत नाहीत.
"मधात तुम्ही आले तरी चालते. पन सीटच्या दिवशी भाऊच पायजे."
हो म्हटलं. चहा घेतला. परत आले. अॅडव्हान्सचं निघालंच नाही.

२१ जाने., बुध.
सकाळी पाळीवर गेले होते. आजकाल व्यापारी तिथेच येतो, स्वतःचा काटा आणतो. मामाजी काट्याकडे बघत नाहीत, पाण्याकडे बघत बसतात. पूर्वी हे मोटरसायकलला बर्फाची पेटी बांधून मूल गावच्या बाजारात जायचे, मामाजी घरी येऊन विचारायचे, आज रोहू किती गेले, मरळ कोणी घेतली. आता विचारण्यासारखं काही नसतं.
मामाजींना गाडीचं सांगितलं. तिथे अजून ठाऊक नाही, हेही सांगितलं.
म्हणाले, "पुढच्या खेपेले मी येतो."

२५ जाने., रवि.
मामाजींना घेऊन गेले. बसमध्ये खिडकीपाशी बसले, जंगल संपेपर्यंत बाहेर बघत.
डबा चढला होता. मामाजींनी आधी बोटानं पत्रा वाजवला, मग दार उघडून अर्धे आत शिरले. आतून आवाज आला, "बर्फाचं पानी जाले भोक उजव्या अंगानं काऊन केलं जी?"
मिस्त्री : "सगळ्यांचं तिकडूनच असते, बाबा."
"सगळे मासोळ्या इकते का? गाडी थांबवली का उजवीकडं रस्ता. गंधट पानी लोकाईच्या पायावर सांडन. डावीकडं कर. नालीत जाईल."
मिस्त्री वेल्डरकडे बघून म्हणाले, "पाह्य, तुह्या बापानं तरी इतका विचार केला होता का?" वेल्डर म्हणाला, "माह्या बापानं मासोळ्या खाल्ल्या, इकल्या नाई." मामाजी हसले. मी त्यांना हसताना पाहिलं, पुष्कळ दिवसांनी.
मग मिस्त्रींनी विचारलंच. "बाबा, पोरगा येतच नाई तुमचा. कुठी आहे?"
मामाजी डब्याचं दार लावत होते. कडी दोनदा लावून पाहिली. म्हणाले, "पाळीवर."
पुढे कोणी काही विचारलं नाही. मला वाटलं होतं, मामाजी तरी सांगतील.
येताना मूल स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "तू सांगतलं नाई, मी काऊन सांगू." राग नव्हता.

२६ जाने., सोम.
झेंडावंदन. सुटी.
ह्यांच्या मोबाईलवर मिस्त्रींनी फोटो पाठवला. गाडीला निळा रंग लागलाय. खाली : भाऊ कलर पाहा.
मी "छान आहे" लिहून पाठवलं. मग लक्षात आलं, हे असं कधी लिहीत नव्हते, नुसता अंगठा पाठवायचे. म्हणून वर अंगठाही पाठवला.
हे करायला नको होतं.

२९ जाने., गुरु.
रजा मिळत नाही. बरं आहे.
जेवताना मामाजी : भोक डावीकडं केलं का नाई, इचार. मी म्हटलं, केलं असेल. "असेल नाई. इचार."

३१ जाने., शनि.
ह्यांच्या मोबाईलवर फोन. उद्या सीट. भाऊले आणा.

१ फेब्रु., रवि.
एकटी गेले. मिस्त्रींनी सीट ठिपक्यांवर आणून ठेवली होती, ड्रिलची वायर लावलेली. माझ्या मागे दाराकडे बघितलं. "भाऊ?"
सांगितलं. तारीख, जागा, दवाखान्यात नेईपर्यंतचं. पतसंस्थेत खात्याची माहिती सांगतात तसं सांगितलं.
मिस्त्रींनी वायर काढली, ड्रिल फडक्यात गुंडाळलं. वेल्डरनं रेडिओ बंद केला. मिस्त्री म्हणाले, "बाई, मी परवा त्याले फोटो पाठवलो. त्यानं अंगठा पाठवला."
"तो मी."
"समजलं आता." मग, "भाऊ सांगे, पतसंस्थेत लोकायचे पैसे सांभाळून ठेवता. माह्यापासून एवढं लपवून ठेवलं?" ते बरोबर बोलत होते. ह्यांच्या नावानं गाडीपुढे नारळ फोडला होता म्हणाले, सीटच्या दिवशी भाऊ येतील याला मी हो म्हटलं त्या दिवशीच.
नंतर कामाचं बोलले. जिवतीचा एक माणूस तयार गाडीसाठी मागे लागलाय, डोंगरातल्या गावांना भाजी न्यायची आहे, त्याला हीच चालेल. आमचा अॅडव्हान्स पूर्ण परत. "नाई तं मंग तुमच्या नावानं कागद करू. पन चालवणारा सांगा. त्याच्या मापानं सीट बसवून देतो. पुढच्या रविवारी ठरवा."
शेड बाहेरून मोठं दिसतं, आत तेवढं नाही.

३ फेब्रु., मंगळ.
भाऊजी : देऊन टाका. त्यांनी तरी अशी संधी दिली. लोक किती दिवस थांबतात?
मामाजींना विचारलं. जाळं शिवत होते. "मी कायले सांगू. मी का चालवतो?" सुतळी दातानं तोडली. "दिलीपच्या मापानं बसव."
"मग कोणालाच चालवता येणार नाही."
"हो," म्हणाले.

५ फेब्रु., गुरु.
स्कूटीवरून पतसंस्थेत जाताना कोंड्याचा ट्रॅक्टर पुढे होता, राइस मिलचा. तूस डोळ्यात जात होतं. ओव्हरटेक करता करता मनात आलं की सकाळी बाजारात मासळी उतरवून दहापर्यंत पतसंस्थेत टेबलावर बसता येईल. हिशोब बसतो. वास येईल अंगाला. आधीही यायचाच, ह्यांचे कपडे धुताना.
लायसन वेगळं काढावं लागेल.
कोणाला बोलले नाही.

८ फेब्रु., रवि.
जिवतीचा माणूस माझ्या आधी पोचला होता. सभ्य वाटला. उंचीनं कमी, पायात नवे बूट. मिस्त्री म्हणाले, "बाई, तुमच्यासाठीच थांबलो. नुसतं माप घेऊन ठेवतो याचं, द्याचं का नाई ते तुम्ही सांगा."
तो चढून सीटवर बसला. पाय ब्रेकपर्यंत गेला नाही. मिस्त्रींनी सीट पुढे ओढली. आणखी थोडी. पाट्यावरचे चारही ठिपके सीटच्या मागे उघडे पडले. मिस्त्रींनी खडूनं नवीन खुणा केल्या आणि ठिपके ठोकायचा पंच आणायला सांगितलं.
माणूस मला म्हणाला, "गाडी चांगली आहे ताई. मी जपून वापरीन."
मी म्हटलं, द्यायची नाही.
त्यानं मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी माझ्याकडे. "मंग चालवन कोण?"
"मी."
"तुम्ही?" वेल्डर म्हणाला, पण वाईट अर्थानं नाही.
जिवतीचा माणूस खाली उतरला. नाराज झाला, ते साहजिक आहे. जाताना दुसरी कधी तयार होईल हे विचारत होता.
"बसा मंग," मिस्त्री म्हणाले, "तुमचं माप घेतो." बसले नाही. म्हटलं, आहे त्या ठिपक्यांवरच भोकं पाडा.
"बाई, तुमचा पाय पुरनार नाई."
"बघू."
"बघू म्हनून भोकं पडत नसते. एकदा पाडलं तं पाडलं. उद्या पुन्हा पुढं दुसरे पाडाले लावसान, पाटा कमजोर होईल. सीट हालन. मी हे काम असं करत नाई. इथी कोणी बसल्याशिवाय ड्रिल लावलो नाई मी."
"ते बसले होते. तुम्हीच बसवलं होतं."
मिस्त्रींनी टोपी काढून डोकं पुसलं, पुन्हा घातली. ड्रिल फडक्यातून काढलं. चार भोकं. लोखंडाचा चुरा पाट्यावर पडला, तो त्यांनी फुंकून काढला, झाडू लावला नाही.
बोल्ट आवळताना म्हणाले, "ब्रेक लागला नाई तं माह्या नावानं बोंब नका मारू."
पाणी जायचं भोक डावीकडेच केलेलं आहे. पाहिलं.

१२ फेब्रु., गुरु.
गाडी आली. कारखान्याच्या माणसानं घरापर्यंत आणली, सीटच्या अगदी टोकावर बसून. उतरल्यावर कंबर चोळत होता. "कोणासाठी बनवली जी ही?" मामाजींनी त्याला भाकर खाऊ घातली.
आळीतल्या बाया बघून गेल्या. एकीनं विचारलं, नागपूरचे भाऊजी येणार का चालवाले? दुसरीनं तिला कोपर मारलं.
अंगणात उभी आहे. कागद माझ्या नावावर. पुढे काचेवर कोणाचं नाव लिहिलेलं नाही.

१४ फेब्रु., शनि.
पतसंस्थेतून आल्यावर उजेड होता. गाडीत बसले. पाठ टेकली तर ब्रेक दूर राहतो. पुढे सरकले तर पाठीमागे मोकळं, एक माणूस अर्धा मावेल एवढं. मिस्त्री खरं सांगत होते.
घरातून वाकळ आणली. चार घड्या केल्या, पाठीमागे लावली. पाय टेकला. पूर्ण नाही, पंजा टेकतो. ब्रेक दाबून पाहिला. पुन्हा दाबला.
मामाजी पाळीवरून आले, खांद्यावर जाळं. अंगणात थांबून बघत राहिले. गाडीच्या चहूबाजूनं फिरले. वाकळीकडे पाहिलं, ती ह्यांच्या खाटेवरची आहे हे त्यांना कळलं असणार.
"पुरते का पाय?"
"पंजा पुरतो."
"आनखी एक घडी टाक."
टाकली. आता टाच टेकते, पण हँडल छातीशी येतं.
मामाजींनी जाळं उतरवून डब्याच्या टपावर पसरलं, सुकायला. म्हणाले, "उद्या व्यापारी येते. त्याले काय सांगू, मासोळ्या द्याच्या का नाई?"
किल्ली लावली नव्हती. हातातच होती.