पान अकरापर्यंत मान्य

सोमवार, ३ मार्च, सकाळी ९.४०
पार्सल ऑफिसात नवा कंप्यूटर पुसत होतो. (फडकं स्वतःचं.) मी अजून ट्रायलवर. पुढच्या सोमवारी बुकिंगचं नवं सॉफ्टवेअर सुरू झालं तर नोकरी कायम. त्याच्याखाली आधी अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर बसवावा लागतो. मालकांना घर आणि पाया असं समजावलं. म्हणाले, पाया भर, प्रवचन नको.

मंगळवार, ४ मार्च
बसवायच्या पद्धती तीन. पहिली: पडद्यावर प्रश्न येतात, 'पुढे, पुढे' दाबायचं. कोणीही करेल. दुसरी: तेच प्रश्न, उत्तरं टाइप करून. तिसरी, सायलेंट: सगळी उत्तरं आधीच फाइलीत लिहून ठेवायची. मग इन्स्टॉलर काही विचारत नाही, काही बोलत नाही. तिसरी ठरली. समोरून प्रश्न आला की मला घाम फुटतो; दहावीची तोंडी परीक्षा त्यातच गेली.
इथले हिशेब दाजी बघतात, मला चिकटवलंही त्यांनीच. म्हणाले, पहिली घे बाबा, अर्ध्या तासात सुटशील, मीही सुटेन. दाजींना दूरदृष्टी नाही.

बुधवार, ५ मार्च
उत्तरं तयार. शेवटचा प्रश्न: लायसन्सच्या अटी मान्य? न वाचता हो म्हणणाऱ्यातला मी नव्हे. तूर्त 'नाही' लिहिलं. अटी बाहेरून छापून आणल्या. चौऱ्याहत्तर पानं. डिक्शनरी घेऊन दोन वाचली.

शुक्रवार, ७ मार्च
पान अकरा. काउंटरवरच्या काकूंनी विचारलं, पेपर कधी आहे रे? दुर्लक्ष केलं. ताईचा फोन: ह्यांना तोंडघशी पाडू नकोस. उद्या नक्की.

शनिवार, ८ मार्च, दुपारी ४.१०
चालवलं. दोन सेकंदांत संपलं. चकार शब्द नाही. उत्तम तयारी म्हणतात ती हीच. दाजी म्हणाले, दोन सेकंदांत माझ्या पेनाचं टोपण निघत नाही. बुकिंगचा जुना कंप्यूटर आता हलवा, असं मालकांना मीच सुचवलं. सगळ्यांना चहा-बिस्किटं. (पैसे दाजींकडून, तात्पुरते.)

सोमवार, १० मार्च
बुकिंग उघडेना. रांग दाराबाहेर. काकू हाताने पावत्या लिहीत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. दाजी माझ्या खुर्चीत बसले, फाइल शेवटपर्यंत वाचली. मग हळूच म्हणाले, मेहुणे, अटी मान्य नाहीत असं तुम्हीच कळवलंत. तो बिचारा इन्स्टॉलर आल्या पावली परत गेला.
नंतर पहिली पद्धत. पुढे, पुढे. वीस मिनिटं.
मालकांना दाजींनी सांगितलं, वायर सैल होती. मालक म्हणाले, मग ह्याला वायरींपासून लांब ठेवा. ट्रायल आणखी एक महिना, उद्यापासून वजनकाट्यावर. तिथे बारकाईचाच माणूस लागतो.

खर्च: छपाई १४८, चहा-बिस्किटं २६०. एकूण ४०८.
स्वतःचे: ०.
देणे, दाजींना: ४०८. फेडीच्या अटी त्यांनी अजून घातलेल्या नाहीत. घातल्या, तर न वाचता मान्य.