जागा सोडायची नाही

अण्णा, फार उशिरा लिहितोय, रागावू नका. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली आणि तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं मला कधी सुचलं नाही. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा चुका असतीलच. हे कागद नातीच्या वहीतले. तिने स्वतः फाडून दिले, तरी मागे तिचा काही अभ्यास लिहिलेला नाही ना, हे मी दोनदा पाहून घेतलं.

मी आता सिंगापुरात असतो, लेकीकडे. आंग मो किओ म्हणून भाग आहे, तिथे अकराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. लेकीच्या घरी राहतो हे तुम्हाला रुचलं नसतं, मलाही सुरुवातीला घास उतरत नव्हता. जावई भला माणूस आहे. 'बाबा, तुमच्या पासचं मी बघतो, तुम्ही नका काळजी करू,' असं म्हणतो, पण इथे राहायच्या परवान्याची, त्या पासची, संपायची तारीख मला पाठ आहे आणि दोन महिने आधीपासून माझी झोप उडते. तुमची सून दोन वर्षांपूर्वी गेली. तुमचा नातू अमेरिकेत असतो. त्याला विमान मिळून तो पुण्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तो बॅग घेऊन दारात उभा राहिला आणि मी सगळ्या नातेवाइकांसमोर त्याला म्हणालो, 'आता कशाला आलास?' तो बॅग घेऊन आत गेला. तेराव्यापर्यंत राहिला, सगळं नीट केलं आणि गेला. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. तो बहिणीला फोन करतो, आणि मी हॉलमध्ये असलो तर ती फोन घेऊन आत जाते.

या वर्षी मार्च संपता संपता नात म्हणाली, "आजोबा, मामाच्या सिटीची बेसबॉल टीम आहे. टीव्हीवर दिसते. बघायची?" मला वाटलं, एखादा सामना असेल. पण अण्णा, हे लोक जवळजवळ रोज खेळतात, मार्चपासून सप्टेंबरपर्यंत, दीडशेच्या वर सामने. तिथे रात्री सातला सुरू होतो तेव्हा इथे सकाळचे सात असतात. त्याच्या भिंतीवरचं घड्याळ आणि आमचं घड्याळ एकच वेळ दाखवतं, फक्त तिथे जेवणं होत असतात आणि इथे माझा पहिला चहा. रोज सकाळी मी त्याच घड्याळाखाली बसायला लागलो. नातीची शाळा, म्हणून ती शनिवार-रविवारीच सोबत असे. बाकीच्या दिवशी ती दुपारी आल्या आल्या विचारायची, "जिंकली?"

बहुतेक वेळा नाही म्हणावं लागे. एप्रिल-मेमध्ये ते इतके हरले की माझं जेवणावरचं लक्ष उडालं. मला वाटायचं, टीम हरली की तो उदास होऊन ऑफिसला जात असेल. नात इथल्या पोरांच्या बोलीत म्हणायची, "रिलॅक्स लाह, आजोबा. अजून हंड्रेड मॅचेस आहेत." नियम तिनेच शिकवले. तीन आउट झाले की पाळी संपते, नऊ पाळ्यांचा सामना. त्यांचा एक पिचर होता, डावखुरा, जाडसर. चेंडू टाकण्याआधी टोपी काढून कपाळ पुसायचा, अगदी तुम्ही शिवताना टेप गळ्यात घेऊन घाम पुसायचात तसा. तो आला की मला धीर यायचा. जूनपासून ते जिंकायला लागले, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अशी वेळ आली की शुक्रवारचा सामना जिंकला तर पुढची फेरी, हरला तर हंगाम संपला.

तुमचं दुकान आठवतं. मी दहा वर्षांचा, उंबऱ्यावर बसलेलो. फळीवर रेडिओ, कसोटी सामन्याचा शेवटचा दिवस, आपली शेवटची जोडी खेळतेय. तुम्ही एका गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेत होता आणि म्हणालात, "आता कुणी जागा सोडायची नाही." तो गृहस्थ हात वर करून तसाच उभा. थोड्या वेळाने म्हणाला, "मास्तर, हात खाली घेतले तर चालतील का?" तुम्ही म्हणालात, "सामना वाचवायचाय की सदरा शिवायचाय?" सगळे हसले, पण हात खाली आले नाहीत. तेवढ्यात आईने आतून हाक मारली आणि मी उठलो. दोन पावलं टाकली असतील नसतील, विकेट गेली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "उठलास ना?" एवढंच. रात्री जेवताना तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. सकाळी उठलो तर उशाशी नवा शर्ट, उरलेल्या कापडाचा, बाह्या एका रंगाच्या आणि खिसा दुसऱ्या रंगाचा. तुम्ही मशीनवर बसला होतात, मान वर न करता म्हणालात, "घालून दाखव."

तर तिथली शुक्रवार रात्र, म्हणजे इथली शनिवार सकाळ, नववी पाळी चालू आहे. आपली टीम एका धावेने पुढे, समोरच्यांचे तिन्ही बेस भरलेले, म्हणजे एका फटक्यात सामना जाऊ शकतो, दोन आउट. मी खुर्चीत, नात खाली सतरंजीवर, लेक-जावई बाजाराला गेलेले. मी तिला सांगून ठेवलंय, जागा सोडायची नाही. डावखुरा टोपी काढतो, आणि स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला माझा फोन वाजायला लागतो. ती उठायला जाते, मी तिचं मनगट धरतो.

"आजोबा, फोन."

"वाजू दे. कुठल्यातरी बँकेचा असेल."

"सॅटर्डेला बँक?"

"बस खाली. एक आउट राहिलाय."

फोन वाजून वाजून थांबला. चेंडू उंच उडाला आणि झेलला गेला. नात नाचत स्वयंपाकघरात गेली आणि फोन घेऊन हळूहळू परत आली. "आजोबा," ती म्हणाली, "मामा होता." मग मान खाली घालून म्हणाली, "मी त्याला लास्ट वीक सांगितलं, तुम्ही एव्हरी मॅच बघता. तो हसला. कॉल बॅक करा ना."

मी म्हटलं, त्याची झोपायची वेळ झाली, उद्या करतो. उद्या म्हटलं, तो कामात असेल. मग टीम पुढच्या फेरीत हरली. त्या दिवशी कसा करायचा, तो दुःखात असणार. असे नऊ दिवस गेले. आता सकाळी सातला टीव्हीवर काहीच नसतं, तरी मी खुर्चीत बसतो. लेक विचारते, "बाबा, बरं वाटत नाहीये का?" नात रोज शाळेतून आल्यावर दारातूनच माझ्याकडे बघते. पूर्वी "जिंकली?" विचारायची, आता तसंच बघते, आणि मी नाही म्हणून मान हलवतो. फोनवर मी कितीदा लिहिलं, 'सामना चालू होता, जागा सोडता येत नव्हती.' त्याला हे पटेल. लहानपणी मीच त्याला असं तासन् तास बसवून ठेवलंय. पण लिहिलं की पुसतो.

पुसतो, कारण ते खरं नाही. हे नातीला सांगितलेलं नाही, लेकीलाही नाही, तुम्हालाच सांगतो. फोन वाजला तेव्हा मला वाटलं होतं की तोच असेल. तो सामना बघत होता, मी बघत होतो, त्या वेळी दुसरं कोण फोन करणार? मी पोरीचं मनगट धरलं ते विकेटसाठी नाही. फोन उचलल्यावर पहिला शब्द काय बोलायचा ते मला माहीत नव्हतं.

हा कागद कुठे पाठवणार? गादीखाली ठेवीन. तुम्हाला अबोला मोडायला एक रात्र लागली, मला दोन वर्षं पुरली नाहीत, आणि मला शिवताही येत नाही. नोव्हेंबरात तिथली घड्याळं एक तास मागे घेतात, मग त्याचे आणि माझे सात एका वेळी वाजणार नाहीत. त्या रात्री मशीनवर बसताना तुमच्या मनात काय होतं, आणि मी त्याला आधी काय म्हणू, तेवढं कळवा. लवकर कळवा, अण्णा.