उपासाची गोळी

पौड,
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय नलू,

अक्षर बघून हसू नकोस. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच उठवायचे हे मी तुला शंभर वेळा ऐकवलंय, आणि तू शंभर वेळा तोंड वाकडं केलंयस. आता ऊन ओट्यावर येईपर्यंत बोटं वळत नाहीत. मग जमेल तेवढं लिहायचं आणि ठेवून द्यायचं. हे पत्र असं तुकड्यातुकड्यानं झालंय, कुठे धागा तुटला तर सांभाळून घे. तुझा पत्ता तुझ्या इथल्या दवाखान्यातल्या नरहरी कंपाउंडरनं दिला. आधी देईना. शेवटी म्हटलं, अरे बाबा, मी काय तिला खायला उठले नाही. तू नर्सिंग सोडून लातूरला मामाच्या कापडदुकानात बसतेस हेही त्यानंच सांगितलं. तू आणि गिऱ्हाइकाला ब्लाउजपीस दाखवणार, कमाल आहे बाई.

तुझ्या खोलीत आता जळगावकडचं जोडपं आहे. दोघं हिंजवडीला कंपनीत जातात, अंधार पडल्यावर येतात, भाडं वेळेवर देतात आणि तोंडातून शब्द काढत नाहीत. तू ‘काय करायलाव’ म्हणत सरळ चुलीपाशी येऊन बसायचीस आणि आई म्हणायची, हिची भाषा एकदा नदीवर नेऊन आपटून काढली पाहिजे. शंभूची जीप अजून चालते. हल्ली लवासाच्या कामावरची माणसं डोंगरात नेतो, आणतो. घरजावई म्हणून आलो आणि भाकऱ्या थापायला लागलो, असं पौडच्या स्टँडवर सगळ्यांना सांगत फिरतो. त्याच्या भाकरीबद्दल काही विचारू नकोस. पोटात जाते एवढंच.

आईबद्दल तुझ्याशी बोलायचं राहिलंय. तू भाडेकरू म्हणून आलीस तेव्हा तिची बोटं खेकड्यासारखी वाकून बसली होती. सकाळी विस्तवाशी हात धरून बसायची, पातेल्यावरचं झाकण उचलायलाही मला हाक मारायची. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणायची, त्या उपाशीपोटी खायची आणि मग पोट धरून लोळायची. तू त्या गोळ्या काढून घेतल्यास. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे तूच नेलंस. त्यांनी संधिवाताची ती बारकी गोळी लिहून दिली. आठवड्यातून एकदाच, तीन गोळ्या, आणि दुसऱ्या दिवशी तिची बाधा होऊ नये म्हणून एक पिवळी. आईला तारीख कळायची नाही, पण सोमवार कळायचा. लग्नाच्या आधीपासून ती सोमवार धरायची. तू तिच्यासमोर मांडी घालून बसलीस आणि म्हणालीस, मावशी, ही तुमची उपासाची गोळी, साबुदाणा पोटात गेला की घ्यायची. उपास सोडलात की दुसऱ्या दिवशी पिवळी. मला तेव्हा वाटलं, काय हुशार पोरगी आहे. तेवढ्या सोप्या शब्दांत माझ्या आईला आजवर कुणी काही सांगितलं नव्हतं.

ती पाकिटं तिनं भिंतीतल्या देवळीत देवांशेजारी ठेवली. कुणी हात लावला की ओरडायची, “उपासाची गोळी हाय ती. उपास न्हाई तर गोळी न्हाई.” आपण दोघी हसायचो. आषाढीला, शिवरात्रीला तिनं एकेक खेप जादा घेतली असणार. काही झालं नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. दर रविवारी तू बॅटरी घेऊन तिचं तोंड बघायचीस, ताप आला होता का, लघवीला कसं होतं विचारायचीस, रक्त तपासायला पुण्याला न्यायचीस. आई वैतागायची. म्हशीचे दात बघून बाजारात नेतात तसं चाललंय माझं, म्हणायची. पण रविवारी सकाळी चूळ भरून तुझी वाट बघत बसायची.

आणि गुण आला. तिसऱ्या वर्षी गणपतीच्या दिवसांत तिनं भाकरी थापली. जाड होती, एका अंगाला फाटलेली. आधी देवीपुढे ठेवली, मग तुझ्या ताटात वाढली. तू खाताना रडलीस, मी बघितलंय. हात सुटले तर नवरात्राचे नऊही दिवस कडक धरीन, असा तिनं नवस बोलला होता, तो मला त्या दिवशी कळला. झेपेल का, असं मी विचारलं तर म्हणाली, “देवीनं माजं हात माघारी दिलं, मी नऊ दिस द्यायला नगं व्हय?”

तू घट बसवायला तुझ्या गावी गेलीस. इकडे आईचा उपास सुरू झाला. रोज उपास, म्हणून रोज गोळी. उपास सुटलेला नव्हता, म्हणून पिवळी नाही. तू शिकवलंस त्यातला शब्दही तिनं इकडचा तिकडे केला नाही. पाच-सहा माळा झाल्यावर तोंड आलं. आम्हाला वाटलं, पोटात अन्न नाही, उष्णता झाली. मी तोंडाला तूप लावत होते. मग पाणीही गिळवेना. दसऱ्याला तू आलीस, सोनं द्यायला वाकलीस आणि आई तुझ्याकडे बघून हसली. तू हातातली आपट्याची पानं खाली ठेवलीस आणि बॅटरी आणलीस. मग देवळीतली पाकिटं बघितलीस. बारक्या गोळ्यांचं पाकीट जवळजवळ रिकामं होतं, पिवळ्या तशाच होत्या. मला काही सांगावं लागलं नाही.

पुण्याला नेलं. रक्तातली ताकदच उतरली होती. हिरड्यांतून रक्त यायचं, ताप हटत नव्हता. कोजागिरीच्या आधी गेली, दोन वर्षं झाली त्याला. शेवटपर्यंत मला विचारत होती की नवसात आपलं काय चुकलं. गावात चंद्राबाई म्हणाली, दैव देतं आणि कर्म नेतं. मी तिला चारचौघांत गप्प केलं. कुणाचं कर्म, ते मला ऐकायचं नव्हतं.

ती गेली त्याच दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मी तुला म्हटलं होतं, तू माझ्या आईला मारलंस. लोक वळून बघत होते. दहाव्याहून आलो तर खोलीला कुलूप, किल्ली खिडकीत. नलू, ते मी मागे घेत नाही. रागाच्या भरात बोलले, असं म्हणून तुला गोड बोलायचं नाही मला. तेव्हा तसंच वाटत होतं, आणि एखाद्या सकाळी अजून वाटतं. पण त्याच सकाळी ती फाटकी भाकरीही आठवते. तिचे हात तू सोडवलेस. ते दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं, मला तर नाहीच. आई गेली तीही त्याच गोळीनं. मला यातलं एकही विसरता येत नाही, आणि तू समोर नाहीस म्हणून भांडताही येत नाही.

तू कापड विकलंस तरी नर्सच आहेस. पहिल्या चार ओळींतच तुला कळलं असणार. शिमग्यापासून माझी बोटं सुजतात. बांगड्या कापून काढल्या, शंभू भाकऱ्या थापतो तो हौसेनं नाही. त्याच डॉक्टरांनी तीच गोळी लिहून दिलीय, तशाच तीन, दुसऱ्या दिवशी तशीच पिवळी. दिवाळीच्या आधीपासून पाकीट त्याच देवळीत पडून आहे. शंभू म्हणतो, शिकलेली बाई तू, आठवड्यातून एकदा म्हणजे एकदा, त्यात अवघड ते काय? अवघड काही नाही. पण पाकीट हातात घेतलं की आईचं तोंड दिसतं, आणि परत ठेवलं की आईचे हात. मला भीती वाटते नलू, इतकी की मी शंभूलाही ती पूर्ण सांगितलेली नाही. उपास तर मी एकही धरत नाही, त्या दसऱ्यानंतर सगळे सोडले, त्यामुळे धरायला मला वारच उरलेला नाही. ही चूक जन्मात पुन्हा न करणारी एकच नर्स मला माहीत आहे. ये, असं म्हणायचा हक्क मी ठेवलेला नाही. आलीस तर बॅटरी घेऊन ये. नाही आलीस तर एक कार्ड टाक आणि त्यावर फक्त एक वार लिही. तू लिहिशील त्या वारी मी गोळी घेईन, इतर कुठल्याही दिवशी नाही. सोमवार सोडून कुठलाही लिही.

तुझीच,
कल्पना